यशाच्या पोथ्या आणि घामाचा हिशेब

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापासून मुंबईच्या फोर्टातील पदपथांपर्यंत कोठल्याही पुस्तकांच्या दुकानासमोर क्षणभर थांबणाऱ्यास एक गोष्ट सहज दिसून येते. वैचारिक वाङ्मय मागच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेले असते आणि दर्शनी भागात विराजमान झालेली असतात ती कंपनी कशी वाढवावी, उलाढाल दसपट कशी करावी, सामान्य धंद्याचा महान उद्योग कसा बनवावा हे सांगणारी पुस्तके. त्यांतील बहुतेक अमेरिकेत लिहिलेली. कित्येकांचे मराठी अनुवादही झालेले. ती विकत घेणारा कारखानदारच असतो असे मुळीच नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यात कंत्राटी म्हणून राबणारा पदविकाधारक, स्पर्धा परीक्षांच्या वाऱ्या करून थकलेला खेड्यातील तरुण, बचत गटाची लोणची शहरात खपवू पाहणारी गृहिणी ही या ग्रंथांची नित्याची गिऱ्हाइके आहेत. ज्यांच्याजवळ कंपनी नाही, त्यांना कंपनी वाढविण्याची विद्या विकली जात आहे!

यात त्या वाचकांना हसण्यासारखे काही नाही. कायम नोकरी मिळत नाही आणि शेती परवडत नाही, अशा काळात माणूस आशेचा जो आधार हाताला लागेल तो धरतो. प्रश्न आहे तो त्याच्या हाती काय दिले जात आहे, हा. चळवळीतील कार्यकर्त्यांची या वाङ्मयाकडे पाहण्याची दृष्टी मात्र दोन टोकांची आढळते. काही जण 'भांडवलदारांच्या पोथ्या' म्हणून ती पुस्तके न उघडताच बाजूला सारतात. काही जण गुपचूप वाचतात आणि यात काही तथ्य असावे अशी शंका मनात बाळगतात. दोन्ही भूमिका आळसाच्या आहेत. पोथी फेकून देण्यापूर्वी ती वाचावी लागते आणि डोक्यावर घेण्यापूर्वी तपासावी लागते. तपासणीसाठी या जातीतील एखादे भिकार पुस्तक निवडणे हा अन्याय होईल. म्हणून सर्वांत प्रतिष्ठित समजला जाणारा, लक्षावधी प्रतींनी खपलेला ग्रंथच घ्यावा हे बरे.

महानतेची मोजपट्टी

जिम कॉलिन्स या अमेरिकन लेखकाचे 'गुड टू ग्रेट' हे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. चांगली कंपनी महान कशी होते, हा त्याचा विषय. लेखकाने साहाय्यकांच्या चमूसह पाच वर्षे खपून १,४३५ कंपन्यांची छाननी केली आणि त्यांतून अवघ्या ११ कंपन्या 'महान' म्हणून निवडल्या. या परिश्रमाबद्दल त्याला श्रेय द्यावयास हवे. परंतु महानता मोजण्याची पट्टी कोणती होती? कंपनीने किती लोकांना रोजगार दिला, तिच्या मालाने समाजाचे काय भले केले, कामगारांचे वेतन किती वाढले, यांपैकी एकही नव्हे. कसोटी एकच : पंधरा वर्षांत कंपनीच्या शेअरवरील परतावा बाजाराच्या सरासरीच्या निदान तिप्पट झाला पाहिजे. भागधारकाच्या खिशात किती पडले, यावर महानता ठरली.

एकदा पट्टी अशी घेतली की तिने मोजून काय निघणार हे सांगावयास ज्योतिषी नको. त्या अकरा महान कंपन्यांत फिलिप मॉरिस ही सिगारेटी विकणारी कंपनी होती. २००६ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने या कंपनीसह तेथील बड्या तंबाखू कंपन्यांनी धूम्रपानाच्या धोक्यांविषयी जनतेची दशकानुदशके फसवणूक केल्याचा निर्णय दिला. भागधारकाच्या मोजपट्टीला हा विसंवाद दिसतच नाही. फुफ्फुसे कोणाची जळाली आणि लाभांश कोणाला मिळाला, हे दोन रकाने तिच्या वहीत एकत्र येतच नाहीत.

याच यादीत न्यूकॉर ही पोलाद कंपनी आहे आणि क्रोगर ही किराणा दुकानांची साखळीही आहे. न्यूकॉरने कामगार संघटनेला प्रायः आपल्या कारखान्यांबाहेरच ठेवले; उलट क्रोगरचे बहुसंख्य कर्मचारी संघटनेने केलेल्या सामुदायिक करारांखाली काम करीत आले. दोन्ही महान! म्हणजे कामगारांची संघटना झाली की उद्योग बुडतो, ही जी आरोळी मालकांच्या मेळाव्यांतून नित्य उठते, तिला मालकांच्याच आवडत्या ग्रंथातील यादी दुजोरा देत नाही. कार्यकर्त्यांनी ही एक गोष्ट तरी या पुस्तकातून टिपून ठेवावी.

बसमधून कोणाला उतरविले?

अकरा कंपन्यांत सर्वाधिक नेत्रदीपक कामगिरी होती ती सर्किट सिटी या दूरदर्शन संच, संगणक इत्यादी वस्तू विकणाऱ्या दुकानांच्या साखळीची. १९८२ ते १९९७ या पंधरा वर्षांत तिच्या शेअरने बाजाराच्या साडेअठरा पट परतावा दिला. कॉलिन्सचा एक प्रसिद्ध उपदेश बसच्या दृष्टान्ताने मांडलेला आहे : बस कोठे न्यावयाची हे ठरविण्याआधी योग्य माणसे बसमध्ये घ्यावीत आणि अयोग्य माणसे उतरवावीत. ऐकावयास हे मोठे शहाणपणाचे वाटते. पण योग्य कोण आणि अयोग्य कोण, हे ठरविणारा चालक असतो आणि बसची मालकी तिसऱ्याचीच असते, एवढी गोष्ट दृष्टान्तात राहून जाते.

मार्च २००७ मध्ये सर्किट सिटीने सुमारे ३,४०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात बसमधून उतरविले. त्यांनी चोरी केली होती काय? कामात कसूर केली होती काय? नाही. व्यवस्थापनाने दिलेले कारण अगदी सरळ होते. या कर्मचाऱ्यांचे वेतन बाजारातील चालू दरापेक्षा जास्त होते. वर्षानुवर्षे त्याच दुकानात उभे राहून मालाची माहिती आणि गिऱ्हाइकाची नस ज्यांनी ओळखली होती, ज्यांचे वेतन त्या अनुभवामुळेच वाढले होते, त्यांचा अनुभव हाच त्यांचा अपराध ठरला. त्यांच्या जागी कमी वेतनावर नवी माणसे भरावयाची होती. दहा आठवडे थांबून कमी पगारावर पुन्हा अर्ज करण्याची मुभाही काढून टाकलेल्यांना देण्यात आली होती, हे त्या औदार्याचे विशेष!

पुढे काय झाले? अनुभवी विक्रेते गेले, आणि माहितगार माणूस नसलेल्या दुकानात गिऱ्हाईक तरी कशाला थांबेल? कंपनी आधीच प्रतिस्पर्ध्यांपुढे मागे पडत होती. दुकानांच्या जागा आणि मालाची निवड यांतही तिच्या चुका झाल्या होत्या. २००८ च्या मंदीने उरलेसुरले बळ काढून घेतले. नोव्हेंबर २००८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००९ मध्ये ५६७ दुकाने कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. सुमारे ३४,००० माणसे रस्त्यावर आली. 'महान' ही पदवी मिळाल्यापासून आठ वर्षांच्या आत ही गत झाली. ती पदवी ज्या शेअरच्या किमतीवरून मिळाली, ती किंमत वाढत असताना नफा भागधारकांचा होता. कोसळताना मात्र पहिला बळी तीन हजार चारशे पगारदारांचा गेला. गंगाजळी मालकाची आणि तूट मजुराची, हा व्यवहार कोठल्याही पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत प्रकरण म्हणून येत नाही.

याच यादीतील दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. फॅनी मे ही घरकर्जांच्या व्यवहारातील प्रचंड संस्था रूझवेल्टच्या सरकारने १९३८ मध्ये सार्वजनिक संस्था म्हणून स्थापिली होती. १९६८ मध्ये ती खाजगी भागधारकांच्या हाती गेली. तरीही अडचण आली तर सरकार पाठीशी उभे राहील, असा बाजाराचा विश्वास कायम होता आणि त्या विश्वासापोटीच तिला स्वस्तात कर्ज मिळत असे. पुस्तकात मात्र तिच्या यशाचे श्रेय नेतृत्वाला आणि शिस्तीला गेले. सप्टेंबर २००८ मध्ये ती डबघाईला आली, तेव्हा सरकारने तिचा ताबा घेतला आणि पुढील काळात शंभर अब्ज डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा तिच्यात ओतला. महानता खाजगी, दिवाळे सार्वजनिक!

वाढीचा हुकूम आणि खालचा कारकून

वेल्स फार्गो ही बँकही त्या अकरांतलीच. १९९८ मध्ये दुसऱ्या एका बँकेशी तिचे विलीनीकरण झाले. तेव्हा नंतरच्या पापांचा भार पुस्तकावर टाकता येणार नाही, असे कोणी म्हणेल तर ते मान्य करावे. परंतु वाढीच्या मंत्राचे अनुष्ठान खालच्या पायरीवर कसे होते, हे पाहावयाचे असेल तर या बँकेसारखे उदाहरण नाही. प्रत्येक कुटुंबाच्या गळ्यात बँकेच्या आठ योजना मारावयाच्या, हे तिचे उद्दिष्ट होते. वरून आलेला हा आकडा शाखेतील तुटपुंज्या पगाराच्या कारकुनापर्यंत पोचला, तेव्हा त्याच्यापुढे दोनच मार्ग उरले : खोटी खाती उघडावयाची किंवा नोकरी गमवावयाची. लक्षावधी खाती ग्राहकांना न विचारता उघडली गेली. २०१६ मध्ये हे प्रकरण उघडकीस आले, बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि २०२० मध्ये तिने ३ अब्ज डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. या गैरव्यवहारापायी सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्यात आले होते. आकडा ठरविणारे वर राहिले; आकडा गाठणारे घरी गेले. पुढे टीकेच्या भडिमारामुळे प्रमुखास राजीनामा द्यावा लागला हे खरे, पण तोवर हजारो कारकुनांच्या चरित्रावर डाग बसून चुकला होता.

महाराष्ट्रातील कोणत्याही खाजगी बँकेच्या, विमा कंपनीच्या किंवा औषध कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला यात काही नवे वाटणार नाही. महिनाअखेरीला 'टार्गेट' पूर्ण झाले नाही म्हणून सर्वांदेखत अपमान सोसणारा, ओळखीपाळखीच्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात नको असलेली विमा पॉलिसी मारावी लागते म्हणून मनातून कुढणारा हा तरुणही घरी गेल्यावर तीच यशाची पोथी उघडतो आणि आपल्यातच काही उणे असले पाहिजे असा निष्कर्ष काढतो. या वाङ्मयाचा सर्वांत मोठा उपद्रव हा आहे. व्यवस्थेने लादलेल्या पराभवाचे रूपांतर ते व्यक्तीच्या अपराधात करते.

कावळा आणि फांदी

या पुस्तकांचा खोटेपणा समाजवाद्यांनीच दाखविला आहे असे कोणी समजू नये. 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' हे टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांचे पुस्तक १९८२ मध्ये निघाले आणि त्यापासूनच या वाङ्मयाला पूर आला. त्यात ४३ कंपन्या उत्कृष्ट म्हणून गौरविल्या होत्या. दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, 'बिझनेस वीक' या भांडवलदारांच्याच साप्ताहिकाने मुखपृष्ठावर प्रश्न उभा केला की, त्या उत्कृष्ट कंपन्यांचे आता काय झाले? त्यांतील सुमारे एक तृतीयांश अडचणीत सापडल्या होत्या. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक फिल रोझेनझ्वाइग यांनी 'द हॅलो इफेक्ट' या पुस्तकात या पद्धतीचे मर्मच उघडे केले. कंपनी यशस्वी झाली की तिचे व्यवस्थापक, वृत्तपत्रे आणि नोकरदार तिच्याविषयी जे बोलतात, तेच पुरावा म्हणून गोळा केले जाते. यश आले की हट्टाला निर्धार म्हणतात. अपयश आले की त्याच निर्धाराला हट्ट म्हणतात. नोबेल पारितोषिक विजेते डॅनिएल कानेमन यांनीही २०११ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, कॉलिन्सच्याच आधीच्या एका पुस्तकातील नामवंत कंपन्या आणि त्यांच्या तुलनेतील सामान्य कंपन्या यांच्यातील अंतर पुढील काळात जवळजवळ नाहीसे झाले. त्या अंतरात दैवाचा वाटा फार मोठा होता.

मराठीत यासाठी एक म्हण शतकानुशतके चालत आलेली आहे : कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गाठ पडावी. कावळ्याच्या आसनपद्धतीवर तीनशे पृष्ठांचा ग्रंथ लिहिण्याची कल्पना मात्र मराठी माणसाला सुचली नव्हती. सोडतीत पहिले बक्षीस मिळालेल्या माणसाला, तो सकाळी किती वाजता उठत होता, असे विचारून सर्वांना पहाटे उठण्याचा उपदेश करावा, अशातला हा प्रकार आहे. तितक्याच पहाटे उठून तितकेच तिकीट घेतलेले इतर हजारो लोक मोजलेच जात नाहीत, कारण हरलेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही.

आणि भाकीत फसले तर? त्याचीही तजवीज असते. सर्किट सिटी बुडाली त्याच २००९ साली कॉलिन्सचे नवे पुस्तक आले : मोठमोठ्या कंपन्या का कोसळतात! यशाने आलेली घमेंड ही ऱ्हासाची पहिली पायरी, असे त्यात सांगितले आहे. हा न्याय खेड्यातील मांत्रिकाचा आहे. ताईत बांधून ताप उतरला तर ताईताचा गुण; उतरला नाही तर पथ्य पाळले नाही. दोन्ही वेळा दक्षिणा मांत्रिकालाच. जे विधान कोणत्याही घटनेने खोटे ठरू शकत नाही, त्याला शास्त्र म्हणत नाहीत.

टेलरचा प्रामाणिकपणा

या साऱ्या ग्रंथांचा मूळ पुरुष म्हणजे फ्रेडरिक टेलर. त्याचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक १९११ चे. बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या 'श्मिट' नावाच्या मजुराची कथा त्याने त्यात सांगितली आहे. तो मजूर दिवसाला साडेबारा टन माल वाहत असे. टेलरच्या पद्धतीने तो साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. त्याची मजुरी १.१५ डॉलरची १.८५ डॉलर झाली. त्रैराशिक मांडण्याची गरज नाही : काम जवळजवळ चौपट, मजुरी सुमारे साठ टक्के अधिक. उरलेले कोठे गेले, हे टेलरला विचारावे लागत नाही. ही कथा टेलरने बरीच रंगवून सांगितली होती, असे पुढे १९७४ मध्ये संशोधकांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले. तरी टेलरच्या पदरी एक पुण्य टाकावेच लागेल. त्याच्या पुस्तकात मजूर आहे, त्याची पाठ आहे, तिच्यावरचे ओझे आहे. वाढ कोठून येते हे त्याने लपविले नाही.

आजच्या पोथीतून तो मजूर नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी 'संस्कृती', 'दृष्टी', 'ध्यास' आले. घरोघर जेवणाची पाकिटे पोचविणाऱ्या, पावसात दुचाकी हाकणाऱ्या तरुणाला तर आता कामगार म्हणतच नाहीत. त्याला 'पार्टनर' म्हणतात. भागीदार कसला? नफ्यात वाटा नाही, निर्णयात मत नाही. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघातही त्याचाच. शब्द बदलला की भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी यांची जबाबदारी टाळता येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ब्लिट्झस्केलिंग' या रीड हॉफमन आणि क्रिस ये यांच्या पुस्तकाने तर काटकसरीपेक्षा वेग महत्त्वाचा, या उपदेशाचे तत्त्वज्ञानच बनविले. वेगाने वाढा, बाजार व्यापा, नुकसानीची चिंता मागाहून करा. हा काळच या मंत्राचा होता. भारतात बायजूज या शिकवणीच्या कंपनीचे मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मानले गेले. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर नादारीची कारवाई सुरू झाली. दरम्यान हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या शिकवणीसाठी कर्ज काढणारे पालक कर्जाचे हप्ते मोजीत राहिले.

पोथीतून आणखी एक गोष्ट गायब असते, ती म्हणजे समाजाने पुरविलेले भांडवल. महाराष्ट्रातील उद्योगपतींच्या यशोगाथांत जिद्द आणि दूरदृष्टी यांची वर्णने पानोपानी आढळतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने शेतकऱ्यांच्या जमिनी संपादून भूखंड पाडले, रस्ते केले, पाणी आणले, हे किती पानांवर येते? कोयनेच्या विजेवर कारखाने चालले आणि त्या धरणासाठी उठलेल्या माणसांना पुनर्वसनासाठी दशकानुदशके लढावे लागले. यशोगाथेत त्यांचे ऋण कोठे नोंदले जाते? 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' प्रसिद्ध झाले त्या १९८२ सालीच मुंबईत जवळपास अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. वर्षानुवर्षे मिळविलेला नफा यंत्रसामग्रीत न घालता इतरत्र वळविणाऱ्या गिरणीमालकांना दूरदृष्टीचा धडा कोणत्याही पोथीने दिला नाही. संप मोडला, गिरण्या बंद पडल्या, जमिनींचे सोने झाले. आज लोअर परळला गिरणीच्या जागेवर उभ्या असलेल्या मॉलमध्ये फिरणाऱ्याला तेथे पूर्वी कोण राबत होते, याची खूण शोधावी लागते.

मग उपयोग काहीच नाही काय?

येथवर वाचून टाळी देणाऱ्यांनी थोडे थांबावे. उद्योग चालविणे ही विद्या आहे आणि ती शिकावी लागते. रोजचा जमाखर्च, उधारीची वसुली, मालाचा साठा, यंत्राची देखभाल, गिऱ्हाइकाची गरज ओळखणे, दुसरी फळी तयार करणे या गोष्टी भांडवलशाहीतही लागतात आणि समाजवादातही लागतील. यशाच्या पोथ्यांत या विद्येचे जे चार कण सापडतात, ते उचलण्यास हरकत नाही. चळवळीचा दोष असा की, शोषणाचे विश्लेषण करताना ती या विद्येलाच तुच्छ मानू लागली. किती ग्राहक भांडारे, किती मजूर सोसायट्या, किती छापखाने सद्‌हेतूने सुरू झाले आणि हिशेबाच्या वहीपायी बुडाले, याची उजळणी कार्यकर्त्यांनी स्वतःशीच करावी.

वाढ ही मालकाच्या महानतेवाचून होत नाही, हा सिद्धान्त महाराष्ट्राच्या भूमीवर मागेच खोटा ठरला आहे. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचे मार्गदर्शन आणि लहान लहान शेतकऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन उभारलेले भागभांडवल यांतून तो उभा राहिला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'लिज्जत'मध्ये आज सुमारे ४५,००० भगिनी आहेत. पापड लाटणारी प्रत्येक स्त्री तेथे मालक आहे आणि नफ्याची वाटणी लाटणाऱ्यांतच होते. व्यवस्थापनाची सूत्रेही त्यांच्यातूनच आलेल्यांच्या हाती असतात. त्या सात जणींनी कोणत्या परदेशी पोथीचे पारायण केले होते? मात्र उधारीवर व्यवहार करावयाचा नाही आणि मालाच्या दर्जात तडजोड करावयाची नाही, हा दंडक त्यांनी कडकपणे पाळला. विद्या होती, फक्त तिचे फळ वेगळ्या हातांत पडत होते.

तरीही सहकार हा शब्द उच्चारला की सारे शुद्ध झाले, असे मानणे ही आपल्या बाजूची पोथी होय. प्रवरेच्या पाठोपाठ निघालेल्या कारखान्यांपैकी कित्येक पुढाऱ्यांच्या जहागिऱ्या बनले, कर्जात बुडाले आणि खाजगी मालकांना विकले गेले. कुर्ल्याची कामानी ट्यूब्ज ही बंद पडलेली कंपनी कामगारांनी स्वतः चालविण्याच्या योजनेला १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले होते. तो प्रयोगही पुढे अडचणीत सापडला. मालकी बदलली तरी ताळेबंद वाचता येणारे सभासद तयार झाले नाहीत, तर नवा मालक जुन्या मालकाच्याच खुर्चीत जाऊन बसतो.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. तरुणाच्या हातातील पुस्तक हिसकावून घेऊ नये. त्याच्या शेजारी बसून ते वाचावे आणि प्रत्येक यशोगाथेला चार प्रश्न विचारावयास शिकवावे. वाढले ते नेमके काय : शेअरची किंमत, उत्पादन की माणसांचे जगणे? त्या वाढीसाठी कोणाची जमीन, कोणता कर, कोणाचे कर्ज खर्ची पडले? हेच सारे करून बुडाले ते किती? आणि वाढ थांबली तेव्हा पहिल्याने कोणाला उतरविले? सर्किट सिटीच्या काउंटरवर उभ्या असलेल्या अनुभवी विक्रेत्याला हे चारही प्रश्न विचारता आले असते. त्यांची उत्तरे त्याच्याच आयुष्यात लिहिलेली होती. परंतु 'महान' कंपनीची कथा लिहिताना वाढीचे श्रेय शिस्तीला आणि नेतृत्वाला गेले, आणि ती बुडत असताना त्याचे वेतन तेवढे मोजले गेले.

दुसरे काम अधिक कष्टाचे आहे. प्रत्येक युनियनच्या कार्यालयात, प्रत्येक बचत गटात कंपनीचा वार्षिक अहवाल, नफातोट्याचे पत्रक आणि ताळेबंद वाचण्याचे अभ्यासवर्ग निघाले पाहिजेत. मालक तोटा झाला म्हणतो तेव्हा तो तोटा खरा की घसाऱ्याच्या रकान्यात लपविलेला नफा, हे ओळखणारे दहा कामगार प्रत्येक कारखान्यात असले, तर वाटाघाटीच्या टेबलाचा रंग पालटेल. कंपनी कशी वाढते हे ज्यांच्या घामाने ती वाढते त्यांना ठाऊकच असते; त्यांना वहीतील आकड्यांची भाषा तेवढी यावयाची उरली आहे. ती भाषा शिकविण्यास परदेशी गुरूची आवश्यकता नाही. युनियनच्या कार्यालयातील फळा, खडू आणि पाळी सुटल्यानंतरचा एक तास एवढ्यावर प्रारंभ करता येईल.